घर, शाळा, सोसायटी: मूल्याधारित आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकाम काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुटाला काय भाव चाललाय?" भावाचं बोलूच, पण त्याच्या आधी विचारायच्या चार गोष्टी असतात आणि हे पान त्यांच्याबद्दल आहे. घरमालक, सोसायटीचे कमिटी मेंबर, गावातल्या शाळेसाठी किंवा सभागृहासाठी धडपडणारी मंडळी आमच्याकडे येऊन जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात.

मूल्याधारित आराखडा म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिली रेघ मारण्याआधी तीन गोष्टी कागदावर आणायच्या. ही वास्तू कोणाकोणासाठी आहे आणि तिथे रोज काय काय होणार आहे, हे पहिलं. त्यातलं जास्त महत्त्वाचं काय, कमी महत्त्वाचं काय, ही उतरंड दुसरी. आणि कशासाठी किती पैसे खर्चायची तयारी आहे, हे तिसरं. त्यानंतर ड्रॉइंग सुरू करायचं आणि पुढचा प्रत्येक निर्णय या कागदाशी ताडून बघायचा.

नेहमीचा क्रम याच्या उलटा असतो. आधी प्लॅन, मग एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं ड्रॉइंग), मग थ्रीडी व्ह्यू, मग एस्टिमेट, मग धक्का, मग कापाकापी. या कापाकापीत बिनकामाचं निघत नाही, सहज निघण्यासारखं असतं ते निघतं. तोवर बहुतेक वेळा स्लॅब ओतून झालेली असते, त्यामुळे आरसीसीला, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याला, हात लावता येत नाही. गदा येते ती वॉटरप्रूफिंगवर, खिडक्यांच्या सेक्शनवर, वायरिंगवर आणि नळांवर. म्हणजे ज्या गोष्टींशी तुमचा रोज संबंध येणार, नेमक्या त्यांच्यावर.

ही कल्पना आली कुठून?

बांधकामातून नाही, कारखान्यातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला हवा तो कच्चा माल मिळेना, म्हणून पर्याय शोधावे लागले. त्यात असं दिसलं की काही पर्याय मूळ मालापेक्षा स्वस्त आणि वर चांगलेही निघाले. तिथल्या लॉरेन्स माइल्स या इंजिनिअरने १९४७ च्या सुमारास त्यातून एक पद्धत बसवली. "हा भाग स्वस्तात कुठे मिळेल?" हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि विचारलं, "हा भाग काय काम करतो, आणि तेच काम आणखी कशाने होईल?" प्रत्येक काम दोनच शब्दांत लिहायचं, एक नाम आणि एक क्रियापद: भार पेलणे, पाणी अडवणे, उजेड देणे. १९५४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी खात्याने ही पद्धत उचलली आणि तिला व्हॅल्यू इंजिनिअरिंग हे नाव पडलं.

दुसरा धागा जपानच्या मोटार उद्योगातला. तिथे गाडी केवढ्याला विकायची हे आधी ठरायचं आणि तेवढ्यात बसेल अशी गाडी डिझाइन व्हायची. बांधकाम पद्धतींचे अभ्यासक ग्लेन बॅलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार इमारतींकडे वळवला, आणि कॅलिफोर्नियात सटर हेल्थ या संस्थेच्या रुग्णालयांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. तिथे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार, प्लंबिंग आणि विजेची कामं करणारे असे सगळे सुरुवातीपासून एका टेबलाशी बसतात. ठरलेली रक्कम म्हणजे डिझाइन संपल्यावर कळणारी बातमी नसते, ती प्लॉटच्या हद्दीसारखी आधीपासूनची अट असते.

म्हणजे शेवटी खर्च कमी करण्याचाच प्रकार ना?

नाही. आपल्याकडे व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या नावाखाली बऱ्याचदा तेच होतं, म्हणून हा गैरसमज आहे.

कराडजवळच्या एका घराचं उदाहरण सांगतो. एस्टिमेट बजेटच्या वर गेलं होतं. ठेकेदाराने सुचवलं, गच्चीवर जाणारा जिना आणि त्यावरची खोली काढून टाका, मागच्या बाजूने लोखंडी शिडी लावून देतो. आकडा लगेच खाली आला आणि घरातले पुरुष खूशही झाले. पण सुरुवातीच्या कागदावर गच्चीच्या पुढे काय लिहिलं होतं? "वाळवण घालणे." त्या घरात उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड आणि वर्षाची मिरची-हळद गच्चीवरच वाळते. त्यातला काही माल विकलाही जातो, त्याचे पैसे सासू-सुनेच्या हातात येतात. कुरडयांच्या चिकाचं गरम पातेलं घेऊन उभ्या शिडीवर कोण चढणार? शिडी लावली असती तर गच्ची राहिली असती, पण तिचं काम संपलं असतं. पुढे स्लॅबवरचा तो सगळा कोबा नुसता टाकीला आधार म्हणून उरला असता.

जिना राहिला. पैसे दुसरीकडून निघाले. दर्शनी बाजूला आरसीसीच्या चौकटी होत्या, त्यांचं काम "शोभा आणणे" एवढंच होतं आणि घरातल्या एकानेही ते यादीत वर ठेवलेलं नव्हतं. त्या गेल्या. हॉलमधलं पीओपीचं सीलिंग गेलं. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून घेतल्यामुळे एक डक्ट आणि बराच पाइप वाचला. आकडा बजेटात बसला.

बजेट आधीच सांगितलं तर आर्किटेक्ट ते सगळं संपवेल, नाही का?

ही भीती अगदीच निराधार नाही. फी जर बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च वाढला की फीही वाढते. त्यावर उपाय म्हणजे फी ठरावीक रकमेत ठरवून घ्या, किंवा टक्केवारी धरलीच तर ती मान्य झालेल्या बजेटवर धरा, अंतिम बिलावर नाही. पण बजेट लपवू नका. चाळीस लाख असताना तीस सांगितले तर तीस लाखांचं घर मिळतं आणि उरलेल्या दहा लाखांचे तुकडे नंतर बिनआराखड्याने खर्च होतात. पन्नास सांगितले तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

चाळीस असतील तर चाळीस सांगा. त्यातले चार बाजूला ठेवू, अडीअडचणीसाठी. खोदाईत काळा दगड लागला, स्टीलचा भाव चढला, तर ते चार लाख कामी येतात. डिझाइन छत्तीसचं करायचं. चार लाख शिल्लक राहिलेच तर ते कशावर खर्चायचे, याचीही यादी आधीच केलेली बरी.

फुटाच्या भावावरून बजेट बांधलं तर काय बिघडतं?

अंदाज घ्यायला तो ठीक आहे. करार करायला नाही. फुटाच्या भावात कंपाउंड वॉल, बोअर, जमिनीखालची टाकी, वीज जोडणी, परवानगीचं शुल्क, मुरूम भरणी यातलं काय धरलंय हे ठेकेदारागणिक बदलतं. फूट कसा मोजलाय हेही बदलतं. कुणी स्लॅबचं क्षेत्रफळ धरतं, कुणी बाल्कनी अर्धी धरतं, कुणी पूर्ण.

आणि एक गोष्ट भावात दिसतच नाही: आकार. हजार चौरस फुटांचं घर २५ बाय ४० असेल तर बाहेरच्या भिंतींची लांबी १३० फूट होते. तेच २० बाय ५० केलं तर १४०. त्यात दोन-चार खाचा आणि कोपरे काढले की १६० सहज होते. दहा फूट उंचीची भिंत धरली तर २५ बाय ४० च्या तुलनेत ही ३०० चौरस फूट भिंत जास्त झाली. तिची वीट, दोन्ही बाजूंचा गिलावा, रंग, पायथ्याचा बीम असं सगळं त्यात आलं. घर मात्र हजार फुटांचंच. ती वाढीव भिंत तुमच्या यादीतल्या कुठल्या गरजेसाठी आहे, हे सांगता आलं तर ती जरूर बांधा. मधल्या खोलीत उजेड यावा म्हणून घेतलेली खाच पैसे वसूल करते.

घरात एकमत नाही. उतरंड लावायची कशी?

एकमत नसतंच. ज्या घरात पहिल्या बैठकीत एकमत दिसतं, तिथे बहुतेक वेळा एकच माणूस बोलत असतो.

आम्ही साधी पद्धत वापरतो. गरजांची यादी सहा-सात ओळींवर आणायची आणि मग दोन-दोन गरजा समोरासमोर ठेवून विचारायचं: या दोनमधली एकच मिळणार असेल तर कोणती घ्याल? सहा गरजा असल्या की अशा पंधरा जोड्या होतात. तळमजल्यावर आजींची खोली की दोन गाड्यांचं पार्किंग? पाहुण्यांची वेगळी बेडरूम की स्वयंपाकघराला जोडून कोठीची खोली? "दोन्ही" हे उत्तर चालत नाही. प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर लिहायचं, शेजारच्याचा न बघता, आणि मग कोणत्या गरजेला किती वेळा निवडलं याचे आकडे मांडायचे. दहावीतल्या मुलाचाही कागद घ्यायचा. पंधरा-वीस मिनिटांत संपतं.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. घरातली बाई म्हणते, "माझं काही नाही, हे म्हणतील तसं." तिला मग यादी विचारायची नाही, दिवस विचारायचा. सकाळी पहिला दिवा कोणता लागतो? भाजी निवडायला कुठे बसता? धुणं कुठे वाळतं, आणि पावसाळ्यात कुठे? सिलेंडर बदलताना कुठून आणतात? कचऱ्याचा डबा कुठे असतो? या उत्तरांतून निघालेली यादी हॉलच्या उंचीवरच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी पडते. आमच्या अनुभवात, आकडे मांडल्यावर सर्वात वर येणारी गरज पहिल्या बैठकीत कुणी उच्चारलेलीही नसते.

ओट्याच्या उंचीपर्यंत जायची खरंच गरज आहे?

आहे. ओटा हे तर सर्वात चांगलं उदाहरण. सवयीने तो ३२-३३ इंचांवर बांधला जातो. बरोबर उंची काढायची तर जी व्यक्ती जास्त वेळ काम करते तिला उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. त्यातून चार-पाच इंच वजा करा. भाजी चिरायला, कणीक मळायला ती उंची बरी. शेगडीची स्वतःची उंची चार इंचांच्या आसपास असते आणि वर कुकर चढतो, म्हणून शेगडीखालचा भाग थोडा खाली घेतलेला बरा. सिंकचं उलट: भांडं तळाशी असतं आणि वाकावं तळापर्यंत लागतं, म्हणून तिथे कडा किंचित वर हवी. एकाच ओट्यात तीन उंच्या म्हणजे गवंडी कुरकुरणार. पण खर्चात फरक जवळपास नाही, आणि पुढची वीस-तीस वर्षं कंबर कुणाची दुखणार ते ठरतं.

खिडकीचंही तसंच. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घेतली तरी उघडते अर्धीच. पल्ल्याची खिडकी पूर्ण उघडते, पण तिला मच्छरजाळी बसवणं कटकटीचं. तुमच्या यादीत "वारा येणे" वर आहे की "डास अडवणे", यावर खिडकी ठरेल. कॅटलॉगवर नाही.

कुठे अजिबात हात आखडायचा नाही?

जे एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही, तिथे.

कव्हर ब्लॉकच बघा. सळई आणि सेंट्रिंगची (काँक्रीट ओतायच्या साच्याची) प्लेट यांत ठरावीक अंतर राहावं म्हणून सळईखाली ठेवायचा सिमेंटचा किंवा प्लास्टिकचा छोटा ठोकळा. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या परिस्थितीत स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५० मिलिमीटर कव्हर लागतं. एवढ्या काँक्रीटच्या थराने सळईला पाणी आणि हवेपासून वाचवायचं असतं. साइटवर ब्लॉक संपले की फिटर हाताला येईल तो खडीचा तुकडा सरकवतो. स्लॅब ओतताना माणसं त्या जाळीवरून चालतात, खडी निसटते, सळई प्लेटला टेकते. दहा-बारा पावसाळ्यांनंतर छताचे पापुद्रे पडू लागतात आणि खाली तांबूस सळई दिसते, तेव्हा त्या तुकड्याची आठवण कुणालाच नसते. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी स्वतः वर चढा आणि खाली वाकून बघा. इंजिनिअर असला तरी बघा.

क्युरिंग दुसरं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल किंवा कडक ऊन असेल तर किमान १० दिवस पाणी. पाणी टँकरचं असेल तर मोह होतोच. सेंट्रिंगचे टेकूही घाईने काढायचे नाहीत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि पुढे २१. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या साइटला न्यायच्या असतात, त्याचं गणित वेगळं असतं. याशिवाय माती परीक्षण, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, अर्थिंग आणि गच्चीचा उतार. कोयनेच्या परिसरातल्या लोकांना ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवतो, त्यामुळे तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर कशाला, असं कुणी विचारत नाही. बाकी ठिकाणी अजून विचारतात.

वास्तुशास्त्र यात बसतं का?

तुम्हाला ते महत्त्वाचं असेल तर यादीत लिहा, इतर गरजांच्या शेजारी, आणि त्याचीही जोडीने तुलना होऊ द्या. आमचा आग्रह एवढाच की ते पहिल्या दिवशी सांगा. जोत्याचं काम झाल्यावर आलेल्या पाहुण्याने "संडास ईशान्येला कसा?" म्हटलं आणि मग ड्रेनेजची लाइन फिरवली, तर त्या दोषाचं निवारण फार महाग पडतं.

ठेकेदाराला कधी बोलवायचं?

प्लॅन कच्चा असतानाच. काँक्रीट, वीटकाम, गिलावा यांचे स्थानिक दर आणि गवंड्यांना काय नीट जमतं हे त्यालाच माहीत असतं. टेंडरसाठी तीन ठेकेदारांकडून भाव मागवायचे असतील तर या सल्ल्याचे वेगळे पैसे द्या, फुकट नको. फुकटच्या सल्ल्याची वसुली नंतर एक्स्ट्रा आयटममध्ये होते.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या पद्धतीचं घर स्वस्तात होतं म्हणतात. तसं इथे बांधता येईल?

बेकर यांची वीट उचलायची की विचार, हे आधी ठरवा. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जन्मलेले बेकर भारतात आले, गांधीजींना भेटले आणि पुढे केरळात तिरुवनंतपुरमला स्थिरावले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून व्हावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर मनावर घेतला. त्यांच्या रॅट ट्रॅप बाँड या वीट रचायच्या पद्धतीत विटा कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते. वीट साधारण चौथाईने कमी लागते आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. फिलर स्लॅबमध्ये स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट, जे ताण घेण्यात फारसं काम करत नाही, तिथे मंगलोरी कौलं घालतात.

पण ही भिंत भार पेलणारी आहे, एकसारख्या मापाच्या भाजक्या विटेची आहे आणि ती बिनगिलाव्याची ठेवली तरच खरा पैसा वाचतो. आपल्या बऱ्याच भागांत सहा इंची वीट आरसीसी चौकटीत भरतात आणि बिनगिलाव्याची भिंत म्हणजे "घर अपुरं राहिलं" असं शेजारी म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र पाच मैलांत चिऱ्याची खाण असते. तिथे जांभ्याची भिंत आणि कौलारू छप्पर हेच बेकरांच्या विचाराला धरून आहे. तेच सोडून मंडळी एसीपी (ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेली) शीट लावतात, याला काय म्हणावं.

यादी न करताच बांधलं तर काय होतं? एखादं मोठं उदाहरण?

किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं वजनदार माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने जे पुनर्वसन केलं, त्यात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली.

घाई समजण्यासारखी होती, आणि लोकांची मागणीही. दगडाचं नाव काढलं तरी माणसं घाबरत होती, त्यांना सिमेंटचंच घर हवं होतं. सुरक्षितता उतरंडीत सर्वात वर जाणं साहजिक होतं. प्रश्न असा की तिच्या खाली काहीच उरलं नाही. घराचं माप किती जमीन आहे त्यावरून ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. जुन्या गावात घर खणांत (दोन खांबांमधल्या अंतरांत) मोजत, त्याला ओसरी, आतलं अंगण आणि गोठा असे. नव्या गावांत बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि मोकळ्या प्लॉटच्या मधोमध एकेक सुटं घर आलं. बैल बांधायचे कुठे? कडबा रचायचा कुठे? पाहुणा आला तर बाईने आडोशाला कुठे बसायचं? नवी गावं जुन्यांपेक्षा कितीतरी ऐसपैस झाली, त्यामुळे पाण्याची लाइन, रस्ते, दिवे यांची देखभाल ग्रामपंचायतींच्या गळ्यात आली. लोकांनी मग स्वतःच पत्र्याच्या शेड टाकल्या, कुंपणाच्या भिंती घातल्या, पुढे खोल्या काढल्या. ती यादी कुणी विचारली नव्हती, म्हणून त्यांनी ती बांधून दाखवली.

गंमत अशी की त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं, वेगळ्या वाटेने गेला. जी गावं हलवली नाहीत तिथल्या दोन लाखांच्या आसपास घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. मालकाने साहित्य घ्यायचं, काम करून घ्यायचं, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे आणि तांत्रिक मार्गदर्शन द्यायचं. दगडी घरही भूकंपात टिकवता येतं हे तेव्हाही माहीत होतं: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, लिंटलच्या (दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीवर सलग आरसीसी पट्टा, माळवदाचं वजन कमी. आयएस १३८२८ हे कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाचं मानक त्याच वर्षाचं, १९९३ चं. दोन्ही भागांत पैसा एकाच कार्यक्रमाचा होता. फरक पडला तो निर्णय कुणी घेतला, यात.

आत्ता छोटं बांधून पुढे वाढवायचं आहे. त्याचा विचार आधी करता येतो?

करायलाच हवा. नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलेली आर्टिस्ट व्हिलेजची वसाहत बघून या. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, साधारण सात घरांमध्ये एक लहान चौक, आणि मुख्य म्हणजे एका घराची भिंत दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे शेजाऱ्याची परवानगी न मागता कुणालाही मागे-पुढे-वर वाढवता येतं. लोकांनी इतकं वाढवलं की मूळ घरं आता शोधावी लागतात. काही आर्किटेक्टना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही, चौक अजून वापरात आहेत.

तुमच्या घरासाठी: वरच्या मजल्याचा भार फुटिंगमध्ये आत्ताच धरा, जिना असा ठेवा की पुढे वरचा मजला भाड्याने देता येईल, आणि गच्चीवर सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवू नका. त्यांना सिमेंटच्या पाण्याचा हात मारून कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाका. वर्षानुवर्षं गंजलेल्या सळयांवर मजला चढवताना त्यांचा जीव निम्मा झालेला असतो.

सोसायटीच्या पुनर्विकासात हे कसं लागू करायचं?

तिथे सगळी चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: किती टक्के एक्स्ट्रा एरिया? जो बिल्डर जास्त देतो तो जिंकतो. पण तो एरिया कुठून तरी येतो. दोन इमारतींमधलं अंतर, स्वयंपाकघराची खिडकी, जिन्यातला उजेड, पार्किंगची जागा असं काहीतरी आवळलं जातं. पुनर्विकासाबाबत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सोसायटीला प्रकल्प सल्लागार नेमून त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यावा लागतो. हा टप्पा निव्वळ औपचारिकता समजू नका. बिल्डरचं नाव निघण्याआधी, सल्लागाराकडून सभासदांची उतरंड काढून घ्या: हवा-उजेड, देखभाल खर्च, लिफ्टची संख्या, ज्येष्ठांसाठी रॅम्प, एरिया. ती निविदेतच अट म्हणून घाला. नंतर विनंती म्हणून केलेल्या गोष्टी विनंतीच राहतात.

शाळा किंवा सरकारी इमारतीत तर सर्वात कमी निविदेलाच काम जातं. मग?

बहुतेक वेळा हो. पण केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार काही कामांमध्ये गुणवत्तेलाही गुण देता येतात, त्यांचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के. ते शक्य नसेल तिथे सगळा जोर निविदेच्या आधी लावायचा. स्पेसिफिकेशनमध्ये जे लिहिलं असेल तेच कमी दरवाला देणार. अंगणवाडीचं वॉश बेसिन तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीचं हवं, हे ड्रॉइंगवर मापासकट नसेल तर ते मोठ्यांच्या उंचीवरच बसतं आणि बाईंना प्रत्येक मुलाला उचलून हात धुवावे लागतात.

काम सुरू झाल्यावर मन बदललं तर?

बदलतं. कागदावर असताना बदल जवळपास फुकट असतो, जोतं झाल्यावर महाग, स्लॅब झाल्यावर ब्रेकर आणावा लागतो. बदल करताना एकच अट: जुन्या यादीतलं काय खाली सरकतंय ते त्याच कागदावर लिहायचं आणि घरातल्या सगळ्यांनी सही करायची.

या सगळ्यात किती वेळ जातो?

घरासाठी ड्रॉइंगच्या आधी दोन-तीन आठवडे. दसरा-पाडव्याचा मुहूर्त धरून भूमिपूजन ठरवलं असेल तर मागे मोजत या.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, एनएचे (बिगरशेतीचे) कागद असतील तर ते. प्लॉटचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, शक्यतो एक सकाळचा आणि एक दुपारी चारचा, म्हणजे ऊन कुठून येतं ते कळतं. सध्याच्या घरातली एक गोष्ट जी नव्या घरात हवीच, आणि एक जी अजिबात नको. घरातली जेवढी माणसं येऊ शकतील तेवढी घेऊन या, आजींसह. आमच्याकडे लिफ्ट आहे. मोबाइलमध्ये जमवलेले एलिव्हेशनचे फोटोही आणा, फक्त ते शेवटी दाखवा.